व्हरांड्यात हीटर लावताना

महाबळेश्वर-पाचगणीच्या थंडीत उघड्या व्हरांड्यासाठी ब्लोअर किंवा ऑइल हीटर घेऊ नका. ते हवा तापवतात आणि ती हवा वाऱ्याबरोबर निघून जाते. इथे इन्फ्रारेडच हवा, कारण त्याची उष्णता थेट अंगावर येते. चार खुर्च्यांच्या टेबलाला २००० वॅटचा एक पुरतो. तासाला २ युनिट जळतात. खोक्यावर आयपी (धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा) ५५ किंवा ६५ लिहिलेलं बघा. घरातला आयपी २० हीटर पावसाळी दमटपणात टिकणार नाही, आणि शॉकचा धोका वेगळाच.

उंची साधारण ७ ते ८ फूट, तोंड खाली बसलेल्यांकडे तिरकं. बरोबर डोक्यावर लावलात तर टाळू भाजते आणि पाय गारच राहतात. छतापासून आणि बाजूने किती अंतर सोडायचं ते कंपनीच्या पत्रकात असतं, ते तंतोतंत पाळा. लाकडी छत, ताडपत्री किंवा बांबूची चटई असेल तर जास्तच सोडा. ब्रॅकेट विटेत किंवा काँक्रीटमध्ये अँकर बोल्टने, नुसत्या गिलाव्यात नाही. आडवी नळी लेव्हलमध्येच बसवा. काचेच्या नळीला बोट लावू नका: हाताचा तेलकटपणा तापून तिथेच काच तडकते.

२००० वॅट म्हणजे जवळपास ९ अँपिअर. एक्स्टेन्शन बोर्ड नकोच, तो वितळतो. थेट डीबीपासून (घराच्या मुख्य वीज-वाटप पेटीपासून) २.५ चौरस मिमी तांब्याची वेगळी वायर, १६ अँपिअरचा एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारा स्विच), ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडून शॉकपासून वाचवणारा स्विच) आणि पक्कं अर्थिंग. वायर हीटरमध्ये शिरण्याआधी खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच टपकतं.