बंदिश करायची आहे? मग शिकवायला लागा

मी ग्वाल्हेरात गाणं शिकवते आणि नव्या बंदिशी, म्हणजे राग-तालात बांधलेली गीतं, करते म्हटलं की हमखास प्रश्न येतो, "जुन्या काय कमी आहेत?" प्रश्न रास्त आहे. ग्वाल्हेर घराण्याच्या हद्दू-हस्सू खाँच्या या गावात गायकी बंदिशीवरच उभी. अस्ताई-अंतरा, म्हणजे बंदिशीचे दोन भाग, नीट भरल्याशिवाय पुढे जायचं नाही, ही इथली शिस्त. त्या शिस्तीतूनच मला बंदिशीची बांधणी कळली. म्हणून नव्यांना सांगते, शंभरेक जुन्या बंदिशी गळ्यावर चढू द्या, मग पहिली स्वतःची लिहा.

शिकायला जागा भरपूर आहेत. कृष्णराव शंकर पंडितांनी १९१४ साली काढलेलं शंकर गांधर्व महाविद्यालय, १९१८ साली संगीतशास्त्रकार भातखंड्यांच्या पुढाकाराने सुरू झालेलं माधव संगीत महाविद्यालय आणि २००८ पासून राजा मानसिंह तोमर यांच्या नावाचं संगीत विद्यापीठ. कॉलेजात शिकवायचं तर एम.ए., नेट, पुढे पीएच.डी. यात वर्षं जातात. तोवर शिकवण्या घ्याव्याच लागतात, आणि त्याचं दुःख करू नका. माझ्या बंदिशी तिथेच सुधारल्या.

एक उदाहरण सांगते. बिहाग रागात मध्यलय तीनतालाची, म्हणजे सोळा मात्रांची, बंदिश केली होती, 'मंद मंद चली पवन'. मुखडा, म्हणजे सुरुवातीचा तुकडा, खालीपासून, म्हणजे नवव्या मात्रेपासून उचलायचा आणि 'पवन'मधल्या 'व'वर सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, गंधारावर. मी गायचे तेव्हा छान वाटायची. ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या माझ्या वर्गात बारा वर्षांच्या एका मुलीला शिकवली, तर ती दर वेळी 'पवाऽन' म्हणे. चार-पाच दिवस मी तिला टोकत राहिले. मग लक्षात आलं, चूक तिची नाहीच. बिहागचा वादी, म्हणजे मुख्य स्वर, गंधार, समेवर तिथे थांबावंसं वाटणारच, आणि 'व' ऱ्हस्व. थांबायला अक्षरात जागाच नव्हती. शब्द बदलला, 'मंद मंद चली बयार'. 'ब' सोळाव्या मात्रेवर, 'या' समेवर. दीर्घ अक्षर, मोकळा आकार. मुलगी पहिल्याच वेळी बरोबर गायली. 'बयार' म्हणजे वारा, हा शब्द आमच्या दूधवाल्याच्या तोंडी रोज असतो. घरी मराठी बोलणाऱ्या मला तो सुचायला एवढे दिवस लागले! बंदिशीची भाषा ब्रजच्या वळणाची, तेव्हा ती बोलणाऱ्यांत उठबस ठेवा.

तेव्हापासून नवी बंदिश मी आधी विद्यार्थ्याला देते आणि पंधरा दिवस स्वतः गात नाही. पंधरा दिवसांनी त्याच्या गळ्यात काय उरलं, ते ऐकते. जिथे दोन-तीन मुलं एकाच जागी अडखळतात, तिथे बांधणीत दोष असतो.

स्वरलेखन मात्र त्याच दिवशी करा. भातखंडे पद्धतीत लिहा, राग, ताल, तारीख घाला, फोनवर ध्वनिमुद्रण ठेवा. बंदिश तोंडोतोंडी फिरते आणि कर्त्याचं नाव मागे राहतं. भातखंड्यांनी 'चतुर', गायक फैयाज खाँनी 'प्रेमपिया' ही मुद्रा, म्हणजे कर्त्याचं टोपणनाव, अंतऱ्यात गुंफली, त्याचा हाही एक फायदा. मी अजून मुद्रा घेतलेली नाही. वही आहे. बिहागच्या पानावर 'पवन' खोडलेलं तसंच ठेवलंय, आणि बंदिश करायची म्हणून येणाऱ्या मुलांना मी आधी तेच पान उघडून देते.