झिजलेला शाफ्ट भरताना या चुका टाळा

कुर्ल्यात माझ्या लेथवर येणारे बरेचसे शाफ्ट आधी कोणीतरी घाईत दुरुस्त केलेले असतात. मूळ झिजेपेक्षा ती दुरुस्तीच जास्त छळते.

शाफ्ट भरायचा म्हणजे झिजलेल्या जागेवर वेल्डिंगचा थर चढवून तो पुन्हा साइजला आणायचा. त्यात सगळ्यात वाईट खोड म्हणजे थंड शाफ्टवर वेल्डिंग फिरवायचं आणि वर पाणी मारायचं. दोन पावसाळ्यांपूर्वी घाटकोपरच्या एका साइटवरून काँक्रीट मिक्सरचा शाफ्ट आला. ईएन-8 पोलादाचा, बेअरिंगची जागा 50 मिमीची, झिजून 49.6 झालेली. दुसऱ्या दिवशी स्लॅब. मी बाहेर होतो. नव्या पोराने पावसाळी हवेत उघडा पडलेला साधा वेल्डिंग रॉड वापरला आणि लवकर लेथच्या चकमध्ये धरता यावा म्हणून शाफ्टवर ओलं फडकं गुंडाळलं. साइज बरोबर आली, शाफ्ट चकचकीत दिसला. अकराव्या दिवशी स्टेपपाशी, म्हणजे शाफ्टची जाडी बदलते तिथे, तुटला. तुटलेलं तोंड मी उजेडात धरून पाहिलं: कडेला गुळगुळीत पट्टा, त्यावर शिंपल्यासारख्या रेषा, मधे दाणेदार. चीर कडेला सुरू होऊन रोज थोडी थोडी आत सरकत गेली होती.

ईएन-8 मध्ये सुमारे 0.4 टक्के कार्बन असतो. असं पोलाद एकदम थंड झालं की वेल्डिंगच्या शेजारचा भाग ठिसूळ होतो, आणि ओल्या रॉडमधला हायड्रोजन तिथे चीर पाडतो. मी कमी हायड्रोजनचा 7018 रॉड घेतो, भट्टीत 300 ते 350 अंशांवर तास-दोन तास भाजतो, शाफ्ट गॅसवर 200 च्या आसपास तापवतो. एक ओळ इकडे, पुढची बरोबर समोर, म्हणजे शाफ्ट वाकत नाही. मग कोरड्या चुन्यात रात्रभर पुरून ठेवतो. तेवढी रात्र थांबायची तयारी नसेल तर हे काम हातात घेऊच नका. ईएन-24, म्हणजे जास्त कडक होणारं मिश्र पोलाद असेल तर मी भरतच नाही, नवा करतो.

स्टेपचा कोपरा टोकदार टूलने काटकोनात काढू नका. तिथे गोलाई हवीच, बेअरिंगच्या गोलाईपेक्षा किंचित लहान.

झिजलेल्या जागेवर पंचाचे ठिपके मारून बेअरिंग घट्ट करू नका, ठिपके चेपतात आणि आठवड्याभरात बेअरिंग पुन्हा फिरायला लागतं. 50 च्या जागेला मी 50.002 ते 50.018 मिमी ठेवतो. की-वे (पुली अडकवणाऱ्या चावीची खाच) फाटला तर रुंद करत बसू नका, समोरच्या बाजूला नवा काढा. बेअरिंगवर गॅसची ज्योत नको. तेलात 100 अंशांपर्यंत तापवा, आपसूक सरकतं.

आणि शाफ्ट का झिजला ते न बघता मशीन चालू करू नका. मी दोन्ही पुल्यांवर दोरी ताणून बघतो. घाटकोपरला नवा शाफ्ट बसवायला गेलो तेव्हा मोटर 8 मिमी बाजूला सरकलेली निघाली, आणि पट्टा उतरू नये म्हणून तो तारेसारखा ताणलेला होता.