प्रायमरीत ‘निवडून कोण येईल’ हे ठरवताना या चुका टाळा

‘माणूस चांगला आहे हो, पण निवडून येईल का?’ अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुका, जवळ आल्या की न्यू जर्सीपासून कॅलिफोर्नियापर्यंतच्या मराठी घरांत हा प्रश्न हमखास निघतो. आपल्याकडे तिकीटवाटपाच्या वेळी ‘इलेक्टिव्ह मेरिट’ पाहायचं काम पक्षश्रेष्ठी करतात, तिथे ते साध्या मतदाराच्या अंगावर येतं. प्रश्न रास्तच आहे. पण त्याचं उत्तर ज्या सवयीने काढलं जातं, तीत काही चुका पुन्हा पुन्हा होतात आणि त्यांची किंमत चार वर्षं मोजावी लागते.

देशभरची टक्केवारी धरून चालणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. राष्ट्राध्यक्ष देशभरच्या एकूण मतांवर निवडला जात नाही. प्रत्येक राज्याला ठरावीक इलेक्टोरल मतं असतात आणि बहुतेक राज्यांत जास्त मतं घेणाऱ्याला ती सगळीच मिळतात. अशा ५३८ मतांपैकी २७० लागतात आणि ती राज्याराज्यांतून गोळा करावी लागतात. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना ट्रम्प यांच्यापेक्षा २८ लाखांहून जास्त मतं पडली, तरी त्या हरल्या. मिशिगन १०,७०४ मतांनी गेलं, विस्कॉन्सिन साधारण पावणेतेवीस हजारांनी, पेनसिल्व्हेनिया ४४ हजारांनी. तिन्ही मिळून ७८ हजारांच्या आतला खेळ.

२०२० मध्ये बायडन जिंकले, देशभरात ७० लाखांची आघाडी घेऊन. म्हणून तो विजय मोठा वाटतो. पण अॅरिझोना, जॉर्जिया आणि विस्कॉन्सिन या तीन राज्यांतली त्यांची आघाडी एकत्र केली तर ती ४३ हजारांच्याही आत येते. ती तिन्ही हातची गेली असती तर हिशेब २६९–२६९ असा अडकला असता आणि फैसला अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधिगृहात, एका राज्याला एक मत या पद्धतीने झाला असता.

तेव्हा एखादा उमेदवार ‘देशात चार टक्क्यांनी पुढे’ असल्याचं कुणी सांगितलं, तर पहिला प्रश्न विचारा: विस्कॉन्सिनमधल्या मिलवॉकीच्या आसपासच्या उपनगरांत त्याचं काय? मिशिगनमधल्या डेट्रॉइटमध्ये त्याच्यासाठी लोक घराबाहेर पडतील का? कॅलिफोर्नियात वाढलेल्या दहा लाख मतांनी एकही जादा इलेक्टोरल मत मिळत नाही.

वर्षभर आधीच्या पाहण्यांवर विसंबणं

या पाहण्यांत बऱ्याचदा फक्त नावाची ओळख मोजली जाते. २००७ मध्ये जवळपास वर्षभर रूडी जुलियानी रिपब्लिकन पक्षात आघाडीवर होते. त्यांनी सगळी भिस्त फ्लोरिडावर ठेवली, जानेवारी २००८ मध्ये तिथे तिसरे आले आणि शर्यतीतून बाहेर पडले. बरं, उमेदवारी पक्की झाल्यावरही धोका टळत नाही. १९८८ च्या जुलैमध्ये, पक्षाच्या अधिवेशनानंतर, डेमोक्रॅटिक उमेदवार डुकाकिस पाहणीत थोरल्या बुशपेक्षा १७ टक्क्यांनी पुढे होते. नोव्हेंबरमध्ये त्यांनी ४० राज्यं गमावली.

कागदावरचा उमेदवार निवडणं

हे प्रकरण नीट समजून घेण्यासारखं आहे. २००३ च्या अखेरीस डेमोक्रॅटिक पक्षात हॉवर्ड डीन यांचा जोर होता. इराक युद्धाला त्यांचा उघड विरोध होता आणि कार्यकर्ते त्यांच्यामागे वेड्यासारखे धावत होते. पण मतदारांच्या मनात एकच धास्ती: हे राष्ट्राध्यक्ष असलेल्या धाकट्या बुशना हरवतील का? १९ जानेवारी २००४ ला, सर्वांत आधी कौल देणाऱ्या आयोवा राज्यात त्यांचे पक्षातले प्रतिस्पर्धी जॉन केरी ३८ टक्क्यांवर गेले आणि डीन १८ वर आले. केरींचा बायोडाटा बिनतोड होता. व्हिएतनाममध्ये लढलेले, शौर्यपदकं मिळवलेले, अनुभवी सिनेटर. युद्धकाळात बुशसमोर सैनिकच उभा करायचा, हा हिशेब.

जुलैत बॉस्टनच्या अधिवेशनात केरींनी सलाम ठोकून भाषण सुरू केलं. ऑगस्टमध्ये विरोधी गटाने नेमक्या त्याच युद्धसेवेवर शंका घेणाऱ्या जाहिराती सोडल्या. पदकांवरच चिखल उडाला आणि प्रचाराचा पायाच हलला. शेवटी ओहायो सुमारे १ लाख १८ हजार मतांनी गेलं आणि त्याबरोबर निवडणूकही.

माझं स्पष्ट मत आहे की इथे चूक केरींच्या निवडीत कमी आणि निवडीच्या कारणात जास्त होती. ‘याच्यावर हल्ला करायला जागाच नाही’ असं समजून उमेदवार घेतला, की प्रतिस्पर्धी आधी तीच जागा शोधतो. उमेदवार पारखताना त्याची सगळ्यात भक्कम बाजू हातात घ्या आणि तिच्यावर घाव पडला तर हाती काय उरतं ते पाहा.

शेजाऱ्याच्या मनातलं आपणच ठरवणं

‘मला चालेल, पण बाकीच्यांना बाई चालणार नाही.’ २०१९ च्या एका पाहणीत सुमारे तीन चतुर्थांश लोकांनी महिला राष्ट्राध्यक्ष आपल्याला चालेल असं सांगितलं, पण शेजाऱ्यालाही चालेल असं मानणारे जेमतेम एक तृतीयांश होते. सगळेच असा विचार करू लागले तर बहुमताच्या पसंतीचा उमेदवारही आधीच बाद होतो. ओबामांच्या बाबतीत २००७ मध्ये अनेक कृष्णवर्णीय मतदारांनाही हीच शंका होती. गोरे लोक यांना मत देतील? ३ जानेवारी २००८ ला, जवळपास पूर्ण गोऱ्या वस्तीच्या आयोवात ओबामा जिंकले आणि महिनाअखेर, कृष्णवर्णीय मतदार मोठ्या संख्येने असलेल्या साउथ कॅरोलिनात वारं पार फिरलं. भेदभाव नसतोच असं मी म्हणत नाही. पण त्याचा अंदाज बांधून उमेदवाराला आपणच बाजूला सारणं हाही त्यातलाच हातभार आहे.

गव्हर्नरचा विजय जसाच्या तसा पुढे मांडणं

पक्षाला प्रतिकूल राज्यात जिंकलेला माणूस ही खरी चांगली खूण आहे. डेमोक्रॅट अँडी बेशियर २०२३ मध्ये केंटकीत गव्हर्नरपदी पुन्हा निवडून आले आणि त्याच राज्यात ट्रम्प यांनी २०२० मध्ये जवळपास २६ टक्क्यांनी बाजी मारली होती. अशी तुलना जरूर करा. मात्र स्टीव्ह बुलक यांचाही दाखला लक्षात असू द्या. २०१६ मध्ये मोंटाना ट्रम्प यांनी २० टक्क्यांनी जिंकलं, त्याच दिवशी बुलक डेमोक्रॅट असून गव्हर्नरपदी पुन्हा निवडून आले. २०१९ मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी उतरले तर कुणी विचारलं नाही. २०२० मध्ये सिनेटला उभे राहिले आणि त्याच मोंटानात दहा टक्क्यांनी हरले. रस्ते, शाळा, राज्याचा अर्थसंकल्प यांवर मत देताना लोक पक्ष विसरतात. वॉशिंग्टनची निवडणूक आली की बहुतेकांना तो आठवतो. शिवाय समोरचा उमेदवार किती तकलादू होता, हेही तपासा.

पहिल्या निकालावरून एखाद्याला निकालात काढणं

२०२० मध्ये बायडन आयोवात चौथे आणि न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे होते. २९ फेब्रुवारीला साउथ कॅरोलिनात त्यांनी जवळपास निम्मी मतं घेतली आणि ३ मार्चच्या सुपर ट्यूस्डेला, म्हणजे अनेक राज्यांच्या प्रायमरी एकत्र होतात त्या मंगळवारी, १४ पैकी १० राज्यं. कोणत्या गटाने अजून मतदान केलेलं नाही, हे पाहिल्याशिवाय अंदाज करू नये.

नोंदणी न तपासणं

तिकडच्या मराठी नागरिकांसाठी हे फार महत्त्वाचं. पेनसिल्व्हेनियात पक्षाकडे नोंदणी नसेल तर प्रायमरीत मत देता येत नाही. न्यू जर्सीत कुठल्याच पक्षाचे नसाल तर मतदानकेंद्रावर पक्ष निवडता येतो, पण दुसऱ्या पक्षात नोंद असेल तर ती मुदतीत बदलून घ्यावी लागते. टेक्सासमध्ये पक्षनोंदणीच नाही, ज्याची प्रायमरी हवी ती मागायची. आपल्या काउंटीच्या निवडणूक कार्यालयाच्या संकेतस्थळावर आपली नोंद कशी आहे, ते आजच बघून घ्या.