स्नायू आणि मेंदूचे संकेत टिपणारा बिनतारी संवेदक : आखणी आणि चाचणी

शरीरात बसवायच्या बिनतारी संवेदकाचे काम हाती घेतले की अनेक जण आधी रेडिओची चिप निवडतात आणि मग तिला झेपेल तेवढा संकेत मिळवू पाहतात. हा क्रम उलटा आहे. कोणता संकेत कशासाठी हवा, हे आधी ठरवावे. कारण त्यावरून बाहेर किती विदा (डेटा) पाठवायची ते ठरते, विदेवरून वीज ठरते आणि विजेवरून उष्णता. रोपित सक्रिय उपकरणाचा पृष्ठभाग शरीराच्या तापमानापेक्षा २ अंश सेल्सिअसहून जास्त तापू नये, अशी अट आंतरराष्ट्रीय मानकात आहे आणि आखणीतली बाकीची ओढाताण शेवटी या दोन अंशांपाशीच येऊन थांबते.

स्नायूत ठेवलेल्या इलेक्ट्रोडवरचा (संकेत टिपणाऱ्या धातूच्या टोकावरचा) संकेत काही शे मायक्रोव्होल्टपासून काही मिलिव्होल्टपर्यंत असतो आणि त्याचा कामाचा भाग साधारण २० हर्ट्झ ते १ किलोहर्ट्झ या पट्ट्यात येतो. त्यामुळे दर सेकंदाला प्रत्येक चॅनेलचे, म्हणजे एकेका इलेक्ट्रोडच्या संकेताचे, ३,००० नमुने (मोजमापे) घेतले तरी भागते. एकेका चेतापेशीचा स्पंद मात्र जेमतेम एक मिलिसेकंद टिकतो, त्याची उंची बहुधा ५० ते ५०० मायक्रोव्होल्ट असते आणि त्याचा आकार नीट पकडायचा तर सेकंदाला २० ते ३० हजार नमुने लागतात. ९६ इलेक्ट्रोडांचा संच, ३०,००० नमुने आणि प्रत्येक नमुना १२ बिटांचा, असा गुणाकार केला तर सेकंदाला सुमारे ३.४६ कोटी बिट होतात. कमी विजेच्या ब्लूटूथचा कागदावरचा कमाल वेग सेकंदाला २० लाख बिट आहे. म्हणजे हा प्रवाह त्या वाटेने जाणार नाही.

यावर उपाय असा, की स्पंद शरीरातल्या चिपवरच ओळखावेत आणि दर २० मिलिसेकंदांत प्रत्येक इलेक्ट्रोडवर किती स्पंद आले एवढाच आकडा बाहेर पाठवावा. एका आकड्याला ८ बिट धरले तर तीच विदा सेकंदाला ३८,४०० बिटांवर येते. तरीही मूळ तरंग पूर्णपणे टाकून देऊ नये. इलेक्ट्रोड खराब होत आहे की पेशीच शांत झाली आहे, हे नुसत्या आकड्यांवरून कळत नाही. म्हणून मागणी केल्यावर एकदोन चॅनेलचा कच्चा तरंग पाठवण्याची सोय ठेवावीच.

इलेक्ट्रोड जितका लहान तितका त्याचा अवरोध (विद्युत प्रवाहाला होणारा अडथळा) मोठा आणि अवरोधाबरोबर त्याचा स्वतःचा औष्णिक गोंगाटही वाढतो. शरीराच्या तापमानाला १ मेगाओहम रोध आणि १० किलोहर्ट्झचा पट्टा धरला तर तो सुमारे १३ मायक्रोव्होल्ट भरतो. १०० किलोओहमला तो ४ मायक्रोव्होल्टवर उतरतो. ५० मायक्रोव्होल्टचा स्पंद शोधणाऱ्याने अ‍ॅम्प्लिफायरवर खर्च वाढवण्याआधी हा हिशेब मांडून पाहावा. स्नायूचे इलेक्ट्रोड मोठे असल्याने तिथे ही चिंता फारशी उरत नाही.

वीज पुरवण्यासाठी त्वचेबाहेरच्या आणि आतल्या कॉइलची जोडी हा रुळलेला मार्ग आहे आणि त्यासाठी १३.५६ मेगाहर्ट्झ ही वारंवारता बरीच वापरली जाते. विदेसाठी ४०२ ते ४०५ मेगाहर्ट्झचा वैद्यकीय रोपणांचा पट्टा सोयीचा पडतो, कारण ब्लूटूथच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी ऊतींमधल्या पाण्यात अधिक शोषल्या जातात. टायटॅनियमची बंद डबी पाणी उत्तम अडवते, पण रेडिओलाही अडवते. म्हणून अँटेना आणि कॉइल सिरॅमिकच्या खिडकीमागे किंवा डबीबाहेर सिलिकॉन रबरमध्ये ठेवावी लागते. कृत्रिम हातासाठी स्नायूत बसवण्याचा एक संवेदक सुमारे १६ मिलिमीटर लांब आणि २.५ मिलिमीटर जाड नळीच्या आकाराचा बनवला गेला आणि त्याला वीज देणारी कॉइल कृत्रिम हात जिथे बसतो त्या खोबणीभोवतीच गुंडाळली गेली. रेडिओऐवजी श्राव्यातीत ध्वनी (अल्ट्रासाउंड) वापरण्याचा पर्यायही आहे. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये त्या पद्धतीने उंदराच्या चेतातंतूचे आणि स्नायूचे संकेत बाहेर आणले.

वेष्टनावर मात्र सर्वाधिक वेळ द्यावा, कारण प्रयोगमेजावर उत्तम चाललेली उपकरणे बहुधा इथेच मरतात. सिलिकॉनमधून पाण्याची वाफ आरपार जाते. तरीही ते संरक्षण देते, ते फक्त पृष्ठभागाला घट्ट चिकटून राहिल्यामुळे, म्हणजे वाफेला पाणी होऊन साचायला जागाच न ठेवल्यामुळे. डाख देताना वापरलेल्या फ्लक्सचा (डाख नीट चिकटवणाऱ्या रसायनाचा) उरलेला किंवा बोटाच्या घामाचा क्षार खाली राहिला, तर तो परासरणाने पाणी ओढून घेतो. भिंगाखाली पाहिले की तिथे बारीक फोड दिसतो आणि त्याच्या काठाने तांबे हिरवट होऊ लागलेले असते. म्हणून लेप देण्याआधी सर्किट-बोर्ड धुवावा, निर्वात भट्टीत सुकवावा, पुढे हातमोज्यांशिवाय त्याला स्पर्श करू नये आणि सिलिकॉन निर्वातात ठेवून त्यातले बुडबुडे काढावेत.

शस्त्रक्रिया आणि नैतिक परवानगी हा वेगळा आणि मोठा विषय आहे. त्याच्या अलीकडची चाचणी ०.९ टक्के सलाइनच्या भांड्यात होते. भांडे ३७ अंशांवर ठेवावे, संवेदक पूर्ण बुडवावा आणि दोन प्लॅटिनम तारांतून पाण्यात १०० मायक्रोव्होल्टच्या आसपासचा ज्ञात संकेत सोडून तो दुसऱ्या टोकाला तसाच उमटतो का ते पाहावे. टिकाऊपणा लवकर तपासायचा असेल तर तसाच दुसरा संवेदक ६७ अंशांवर ठेवतात. दर १० अंशांना झीज दुप्पट होते असे गृहीत धरल्यास तिथला एक महिना शरीरातल्या आठ महिन्यांइतका ठरतो. हा अंदाज आहे, हमी नव्हे.

संवेदक विदा ज्या तुकड्यांनी (पाकिटांनी) पाठवतो, त्यातल्या प्रत्येक पाकिटाला क्रमांक द्यावा आणि हरवलेल्या पाकिटाची जागा कोरी ठेवावी. तिथे शून्ये भरली किंवा दोन्ही टोके जोडली, तर त्या सांध्यावर खोटा स्पंद तयार होतो. शेवटी बाहेरची कॉइल एकेक मिलिमीटर बाजूला सरकवत न्यावी, वीज कुठे तुटते ते अंतर नोंदवावे आणि कॉइल परत जागेवर आणल्यावर संवेदक कोणी हात न लावता पुन्हा सुरू होतो का, हे किमान शंभर वेळा पाहावे.