परदेशातून मूल दत्तक घेताना फाईल अडली तर

फोनवर कुणीतरी "तुमचं काम थांबलंय" एवढंच सांगितलं असेल, तर अजून काहीच कळलेलं नाही असं धरून चाला. पहिलं काम एकच, जे काही ठरलंय ते लेखी मागायचं. निर्णय कोणत्या कार्यालयाचा, कोणत्या तारखेचा, कोणत्या कलमाखालचा आणि अपिलाची मुदत किती, या चार गोष्टी कागदावर आल्याशिवाय वकिलालाही हात घालता येत नाही. दत्तक संस्थेच्या समन्वयकाचा व्हॉट्सअॅप निरोप म्हणजे निर्णय नव्हे. मुदत मात्र कुठे निर्णयाच्या तारखेपासून, तर कुठे तो तुम्हाला बजावल्यापासून मोजतात. तुमच्या बाबतीत नेमकं कोणतं लागू आहे, हा वकिलाला विचारायचा पहिला प्रश्न.

कागद हाती आला की तो त्रुटीपत्र (कागदांतली उणीव दाखवणारं पत्र) आहे, नामंजुरी आहे की स्थगिती, हे ठरवा. त्रुटीपत्रावर अपील करत बसू नका, मागितलेला कागद द्या. नामंजुरी आल्यावर मात्र कागदांमागून कागद पाठवत राहिलात तर अपिलाची मुदत हातची जाते. स्थगितीत या दोन्हींचा उपयोग नाही. तिथे तुमची फाईल त्या दिवशी कोणत्या टप्प्यावर होती, याचा पुरावाच कामी येतो. आमच्या मते सगळ्यात महागात पडते ती या तिघांतली गल्लत.

नेमकं कुणी अडवलं?

आंतरदेशीय दत्तकात दोन देश असतात आणि दोघांच्याही हातात नकाराधिकार असतो. दोन्ही देश १९९३ च्या हेग दत्तक करारात असतील तर टप्पे ठरलेले आहेत. तुम्ही अर्ज करता तो तुमच्या नेहमीच्या वास्तव्याच्या देशातल्या केंद्रीय प्राधिकरणाकडे, म्हणजे दत्तकाचं काम पाहणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे. पासपोर्ट कोणत्या देशाचा आहे यावर ते ठरत नाही. इथेच पहिला घोळ होतो. नोकरीसाठी तिसऱ्या देशात राहणारं जोडपं मायदेशातून फाईल चालवतं आणि अर्ध्या वाटेवर "तुमचं प्रकरण आमच्याकडे येतच नाही" असं उत्तर येतं. फाईल चालू असताना देश बदलायचा असेल, तर तिकीट काढण्याआधी दोन्ही प्राधिकरणांना लेखी विचारा. गृहअभ्यास, म्हणजे तुमच्या घराची आणि तुमची चौकशी, नव्यानं करावा लागण्याची शक्यता मोठी असते.

अर्जानंतर तुमच्याबद्दलचा अहवाल तयार होतो, तोच गृहअभ्यास. मग मुलाच्या देशाकडून मुलाचा अहवाल येतो. त्यानंतर तुमचा देश सांगतो की पालक पात्र आहेत आणि मुलाला कायमच्या वास्तव्यासाठी प्रवेश मिळेल. हे कराराचं कलम ५. दोन्ही देश "पुढे जायला हरकत नाही" म्हणतात, ते कलम १७. दत्तकाचा आदेश आणि मुलाचं देशाबाहेर जाणं या संमतीनंतर. सगळं करारानुसार झालं असा दाखला कलम २३ खाली मिळतो आणि त्याच्या जोरावर इतर करारदेशांत दत्तक आपोआप मान्य होतं.

तुमचा नकार या साखळीत कोणत्या कडीवर बसलाय ते पेन्सिलीनं खूण करून ठेवा. मुलाच्या देशातल्या कोर्टानं नाकारलं असेल तर तुमच्या देशातल्या वकिलाला फी देऊन काही हलणार नाही. आणि प्रवेशाची परवानगी तुमच्याच देशानं अडवली असेल, तर तिकडच्या कोर्टाचा आदेश कितीही पक्का असो, मूल विमानात बसत नाही.

क्रम उलटा झाला की फाईल सर्वात वाईट अडकते. अमेरिकेचंच घ्या. हेग करारातल्या देशातून मूल घेताना तिथे आधी पालकांची पात्रता मंजूर व्हावी लागते, मग त्या विशिष्ट मुलासाठीचा अर्ज तात्पुरता मंजूर होतो आणि त्यानंतरच तिकडच्या कोर्टातून दत्तक किंवा ताबा घ्यायचा. एखाद्या जोडप्यानं "तारीख मिळालीच आहे, उरकून टाकू" म्हणत आदेश आधी घेतला, तर त्या मुलासाठीचा अर्ज नामंजूर होतो. मग तिकडचा आदेश रद्द करून घ्यायचा आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून यायचं. तिकडचा स्थानिक वकील हे सांगेलच असं नाही, कारण त्याच्या देशाच्या कायद्यात काहीच चुकलेलं नसतं.

कागदांतल्या त्रुटी

सुदैवानं बरीच प्रकरणं इथेच सुटतात. नाव आधी तपासा. पासपोर्टवर मधलं नाव आहे, लग्नाच्या दाखल्यावर नाही, पोलिस दाखल्यावर आडनाव लग्नाआधीचं, आणि भाषांतरकारानं चौथंच स्पेलिंग केलंय, असं झालं की न्यायाधीशापुढे चार माणसं उभी राहतात. उपाय साधा आहे. ही सगळी नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र करा, त्यात प्रत्येक रूप त्या त्या कागदावर आहे तसं, अक्षर न अक्षर लिहा, आणि त्यालाही अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का, लावून घ्या.

अपोस्टिलबद्दल मोठा गैरसमज आहे. १९६१ च्या करारानुसार लागणारा हा शिक्का फक्त सही, सही करणाऱ्याचं पद आणि मोहोर खरी असल्याचं सांगतो. आतला मजकूर बरोबर आहे असं तो म्हणत नाही. म्हणून "अपोस्टिल आहे, तरी कसं नाकारलं?" हा प्रश्नच चुकीचा. शिवाय दोन्ही देश त्या करारात असले तरच तो चालतो, एरवी वकिलातीकडून साक्षांकनाची लांब वाट. ही यादी बदलत असते. चीनमध्ये तो करार नोव्हेंबर २०२३ मध्ये लागू झाला, कॅनडात जानेवारी २०२४ मध्ये. त्यामुळे चार वर्षांपूर्वी दत्तक घेतलेल्या ओळखीच्यांकडून मिळालेली सूचनायादी जशीच्या तशी वापरू नका. आणि अपोस्टिल केलेल्या गठ्ठ्याची पिन झेरॉक्ससाठी कधीही काढू नका. पान सुटं झालं की मधलं पान बदललं असा संशय येतो, आणि कागद परत येतो. स्कॅन करायचंच तर गठ्ठा उलगडून, पिन तशीच ठेवून करा.

नावांनंतर तारखा. पोलिस दाखला, वैद्यकीय तपासणी, उत्पन्नाचा दाखला, गृहअभ्यास अहवाल, प्रत्येकाचं आयुष्य वेगळं. अमेरिकेत वर म्हटलेली पात्रतेची मंजुरी १५ महिने चालते आणि गृहअभ्यास सादर करताना ६ महिन्यांपेक्षा जुना चालत नाही. इतर देशांचे आकडे वेगळे, पण सापळा तोच. अपिलात वेळ जातो, आणि अपील जिंकल्यावर कळतं की तोवर निम्मे कागद मेले आहेत. एक तक्ता करा. कागद, दिल्याची तारीख, संपण्याची तारीख, आणि तो कोणत्या दिवशी जिवंत हवा हे रकाने. शेवटचा रकाना लोक विसरतात. काही कार्यालयं अर्जाचा दिवस धरतात, काही सुनावणीचा. नव्या कागदाची तयारी जुना संपण्याच्या तीन महिने आधी सुरू करा, कारण नोटरी, अपोस्टिल, भाषांतर आणि कधीकधी भाषांतराचं साक्षांकन ही रांग पुन्हा लागते.

संमतीवर शंका आली तर

हे त्रुटीपत्रासारखं दिसलं तरी त्या पंगतीतलं नाही. हेग करारात आईची संमती मुलाच्या जन्मानंतरच द्यायची असते, ती पैशाच्या बदल्यात घेतलेली नसावी, आणि मुलाला स्वतःच्या देशात घर मिळतं का हे आधी पाहिलेलं असावं. शिवाय पालक पात्र ठरून संमतीच्या अटी पुऱ्या होईपर्यंत दत्तक घेणाऱ्यांनी जन्मदात्यांशी संपर्क करायचा नसतो. नात्यातलं दत्तक याला अपवाद. समाजमाध्यमांवर आईला शोधून "आम्ही चांगले लोक आहोत" असा निरोप धाडणारी जोडपी आपल्याच फाईलवर शेरा ओढवून घेतात.

शंका आली की बचाव करू नका, चौकशीला साथ द्या. संमतीपत्राची तारीख जन्मदाखल्याशी ताडून पाहा. वडिलांचा शोध घेतल्याची नोंद आहे का, मूल सापडलेलं असेल तर पोलिस नोंद आणि जाहीर सूचना आहे का, देशातल्या कुटुंबांकडे मूल ठेवण्याचे प्रयत्न कधी झाले, हे वकिलामार्फत मागा. कागद राहून गेला असेल तर तो मिळतो. पण आईनं संमती दिलीच नव्हती असं निघालं, तर कोणतंही अपील करू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. ते मूल दत्तकासाठी मोकळं नाही.

पैशाचंही इथेच सांगून टाकतो. करारानुसार खर्च आणि व्यावसायिकांची वाजवी फी एवढंच देता येतं. "फाईल पुढे सरकवायला" दिलेल्या पाकिटाची पावती नसते, पण नंतर त्याचा उल्लेख जबाबात येतो आणि सगळंच दत्तक संशयात जातं.

कोर्टानं नाकारलं तर

निकालाची प्रमाणित नक्कल त्याच दिवशी मागा. तिचं पूर्ण भाषांतर करून घ्या, सारांशावर भागवू नका. न्यायाधीशाचा आक्षेप कधी एका उपवाक्यात लपलेला असतो. मग वकिलाला विचारा की आक्षेप कायद्याच्या अर्थाचा आहे की पुराव्याच्या अभावाचा. पहिला असेल तर अपील. दुसरा असेल आणि त्या देशाचा कायदा परवानगी देत असेल, तर नवा पुरावा जोडून नव्यानं अर्ज करणं बहुधा लवकर संपतं. काही ठिकाणी अपिलात नवा पुरावा घेतच नाहीत.

अपिलासोबत आणखी एक मागणी हवी. निकाल लागेपर्यंत या मुलाची जुळणी दुसऱ्या कुटुंबाशी करू नये असा अंतरिम आदेश. तो मागितला नाही तर अपील चालू असतानाच मूल दुसरीकडे जाऊ शकतं, आणि त्यात कुणाचीही चूक नसते. वयाचं गणितही लगेच मांडा. अमेरिकेत हेग प्रकरणातल्या मुलासाठीचा अर्ज सोळाव्या वाढदिवसाआधी दाखल व्हावा लागतो. चौदा वर्षांच्या मुलासाठी अपील दोन वर्षं चाललं आणि मग तो अर्ज नव्यानं करायची वेळ आली, तर ते जिंकूनही हरणं.

वकील स्वतःचा शोधा. संस्थेचा वकील संस्थेचा असतो, आणि चूक संस्थेची निघाली तर तो तुमच्या बाजूनं ती लिहिणार नाही. दोन्ही देशांत एकेक लागतो, आणि दोघांना एकमेकांच्या प्रती जायला हव्यात.

देशानंच दार बंद केलं तर

असं अनेकदा झालंय. ग्वाटेमालानं २००७ च्या अखेरीस जुनी पद्धत बंद केली, पण नव्या प्राधिकरणाकडे वेळेत नोंदवलेली चालू प्रकरणं पुढे नेता आली. रशियानं २०१३ पासून अमेरिकी पालकांना बंदी केली. इथिओपियानं २०१८ मध्ये दार लावलं. काँगो लोकशाही प्रजासत्ताकानं २०१३ मध्ये मुलांचे देशाबाहेर जाण्याचे परवाने थांबवले, तेव्हा कोर्टाचे आदेश हातात असलेली कुटुंबंही अडकली. चीननं २०२४ मध्ये आंतरदेशीय दत्तक थांबवलं, जवळच्या नात्यातली आणि सावत्र मुलं वगळून. तिथे जुळणी झालेल्यांनाही वाट मिळाली नाही.

म्हणून बातमी आली की त्याच आठवड्यात चालू प्रकरणांसाठी काय तरतूद आहे आणि कोणती तारीख रेषा म्हणून धरली आहे, हे तुमच्या केंद्रीय प्राधिकरणाकडून लेखी घ्या. तुमची फाईल त्या तारखेआधी नोंदली गेल्याचा पुरावा, म्हणजे नोंदणी क्रमांक, पोच आणि जुळणीचं पत्र, लगेच पाठवा. तरतूदच नसेल तर पुढच्या देशाचा विचार करायला किती महिने थांबायचं ते दोघांनी बसून आजच ठरवा. मुलाला मात्र काही वचन देऊ नका. संस्थेतल्या कर्मचाऱ्यांना विचारून, त्यांच्याच तोंडून त्याला सांगू द्या.

आडवाटा

व्हिसा नाकारला की कुणीतरी सुचवतंच, पर्यटक व्हिसावर आणा, मग इथे बघू. आणू नका. ब्रिटनमध्ये ठरलेल्या अटी न पाळता दत्तकासाठी मूल आणणं २००२ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. इतरत्र गुन्हा नसला तरी मुलाला वास्तव्याचा हक्क मिळत नाही. पालकत्वाचा आदेश हीही पळवाट ठरत नाही. अनेक मुस्लिम देशांतला कफाला म्हणजे सांभाळ, त्यात मूल जन्मदात्यांचं नाव आणि नातं राखतं. तो आदेश दत्तकाचा म्हणून सादर केलात तर नाकारला जाणारच.

आदेश मिळाल्यावर

इथे लोक सुस्कारा सोडतात आणि पुढचा खोळंबा पेरून ठेवतात. मुलाचा देश सोडण्याआधी कलम २३ चा दाखला मागून घ्या आणि कार्यालयातच वाचा. कलम १७ ची संमती कुणी आणि कधी दिली हे त्यात लिहिलेलं असायलाच हवं. ती ओळ कोरी असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या, घरी आल्यावर तेच काम महिनोन्‌महिने चालतं. देश हेग करारात नसेल तर हा दाखला मिळणार नाही. मग तुमच्या कायद्यानुसार आदेशाला मान्यता घ्यायची की नव्यानं दत्तक करायचं, ते आधीच ठरवून ठेवा.

दत्तक पूर्ण आहे की साधं, तेही पाहा. साध्या दत्तकात जन्मदात्या कुटुंबाशी कायदेशीर नातं शिल्लक राहतं. फ्रान्ससारख्या देशांत दोन्ही प्रकार आहेत. तुमचा देश फक्त पूर्ण दत्तक ओळखत असेल तर कराराच्या कलम २७ नुसार रूपांतर करता येतं, पण त्यासाठी त्या रूपांतराला जन्मदात्यांची संमती लागते. ती तिकडे असतानाच घेतलेली बरी.

आणि नागरिकत्व. काही देशांत परदेशी दत्तकामुळे मूळ नागरिकत्व जातं, आणि नवं मिळेपर्यंत मूल कुठल्याच देशाचं नसतं. अमेरिकेत दत्तक मुलांना आपोआप नागरिकत्व देणारा कायदा फेब्रुवारी २००१ मध्ये लागू झाला, पण त्या दिवशी अठरा पूर्ण झालेल्यांना त्याचा लाभ मिळाला नाही. ज्यांच्या पालकांनी अर्ज करायचा राहू दिला होता, ती माणसं मोठेपणीही परकीच राहिली. तेव्हा मूल घरी आल्यावर पहिल्या महिन्यातच नागरिकत्वाचा अर्ज किंवा दाखल्याची मागणी दाखल करा, आणि तिची पोच कलम २३ च्या मूळ दाखल्यासोबत एकाच पाकिटात ठेवा.