कार्यालयाची नवी मांडणी करताना या चुका टाळा

नव्या कार्यालयात येऊनही कर्मचारी कुरकुर करू लागले की व्यवस्थापनाचे लक्ष आधी भिंतींचा रंग, खुर्च्या आणि कुंड्यांकडे जाते. नाराजीचे मूळ मात्र बहुधा दोन गोष्टींत सापडते: कानावर पडणारे इतरांचे बोलणे आणि स्वतःच्या जागेवर न उरलेले नियंत्रण.

भिंती पाडल्या की संवाद वाढतो, हे गृहीतक सर्वांत महागात पडते. खुल्या मांडणीकडे वळलेल्या दोन मोठ्या कंपन्यांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे समोरासमोरचे बोलणे सुमारे ७० टक्क्यांनी घटले आणि ईमेल, चॅट वाढले. सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये ४२ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांची उत्तरे तपासली, तेव्हा संवाद सोपा झाल्याच्या फायद्यापेक्षा गोंगाट आणि खासगीपणाचा अभाव यांचा तोटा मोठा ठरला. यामागचे कारण समजून घ्यायला हवे. एसीच्या एकसुरी घरघरीची आपल्याला सवय होते. पण शब्द कळू लागले की लक्ष आपोआप तिकडे ओढले जाते, आणि दालन जितके शांत तितके दूरचे शब्दही स्पष्ट ऐकू येतात. त्यामुळे केवळ ‘हळू बोला’ अशी पाटी लावून भागत नाही. छताला ध्वनिशोषक पॅनेल बसवावेत, सतत फोनवर असणारे विभाग एकाग्रतेच्या कामापासून दूर ठेवावेत आणि फोनसाठी दार असलेल्या छोट्या खोल्या द्याव्यात. निम्मे लोक दिवसभर हेडफोन लावून बसत असतील, तर तो मांडणीतील दोष समजावा.

तापमानाचा एकच आकडा ठरवून थर्मोस्टॅट कुलपात ठेवणे ही दुसरी चूक. २०१५ मधील एका शोधनिबंधाने दाखवले, की कार्यालयीन तापमानाच्या प्रचलित मानकांतील चयापचयाचा, म्हणजे शरीरात निर्माण होणाऱ्या उष्णतेचा, अंदाज ७० किलो वजनाच्या ४० वर्षीय पुरुषावर बेतलेला आहे. साहजिकच अनेक स्त्रियांना त्या तापमानात थंडी वाजते. सर्वांना रुचेल असे तापमान नसतेच, म्हणून टेबलपंखा, एसीच्या झोताची दिशा बदलण्याची सोय, जागा बदलण्याची मुभा असे उपाय प्रत्येकाच्या हाती द्यावेत.

खिडकीलगतच्या जागा केवळ वरिष्ठांच्या केबिनसाठी राखू नयेत, आणि स्क्रीन खिडकीला काटकोनात ठेवावेत.

टेबल स्वतः मांडू दिल्यास कामही सुधारते, असे एक्सेटर विद्यापीठातील संशोधकांना २०१० मध्ये आढळले. मात्र मांडलेले टेबल दुसऱ्याने बदलले की तो लाभ नाहीसा झाला. मते मागवून नंतर ती बाजूला ठेवणाऱ्या व्यवस्थापनांनी हा निष्कर्ष जरूर लक्षात घ्यावा, असे मला कळकळीने वाटते.

शेवटची चूक सर्वेक्षणातील आहे. ‘तुम्ही समाधानी आहात का?’ या प्रश्नाच्या उत्तरातून दुरुस्ती कोठे करायची ते कळत नाही. आवाज, तापमान, प्रकाश, हवा आणि खासगीपणा यांविषयी स्वतंत्र प्रश्न स्थलांतराआधी आणि काही महिन्यांनी पुन्हा विचारावेत, उत्तरे मजल्याच्या नकाशावर मांडावीत, आणि कोणती दुरुस्ती कधी होईल व कोणती का शक्य नाही, हे सर्वांना लेखी कळवावे.