संगणकाला वाचून वाचून शिकवताय? या चुका टाळा

नवीन पोरं येतात, "सर, प्रोग्राम नेटवरचं मराठी वाचतोय आणि आपोआप शिकतोय" म्हणतात, शुक्रवारी चालू करून लोणावळ्याला जातात आणि सोमवारी येऊन बघतात तर नुसता कचरा. मीपण हेच केलंय, म्हणून बोलतोय.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे शिकलेलं न तपासता त्याच्याच जोरावर पुढचं शिकवणं. कोथरूडच्या एका खोलीत बसून आम्ही शहरांची यादी बनवत होतो. सुरुवातीला चार नावं दिली, पुणे, मुंबई, नाशिक, सोलापूर. ही नावं कुठल्या शब्दांच्या शेजारी येतात ते बघून प्रोग्राम साचे काढतो, साच्यातून नवीन नावं, त्या नावांवरून परत साचे. 'मुंबई-पुण्याचा प्रवास', 'नाशिक-पुण्याच्या बस' वाचून त्यानं ठरवलं की 'पुण्याच्या' आधी रेघ मारून जे येतं ते शहर. चूक काहीच नाही त्यात. मग कुठल्याशा कीर्तनावरच्या लेखात त्याला 'पाप-पुण्याचा हिशेब' सापडला. झालं, पाप हे शहर! पुणे काय नि पुण्य काय, प्रत्यय लागला की दोन्हीचं 'पुण्या'च होतं, त्याला कुठून कळणार. इथवर हसून सोडलं असतं, पण पुढच्या फेरीत 'पापातून मुक्त' वाचून 'अमक्यातून मुक्त' हा साचा धरून त्यानं कर्ज, तुरुंग, व्यसन सगळ्यांना शहर करून टाकलं आणि आम्ही यादी उघडली तोवर तीन आठवडे गेले होते.

मोठ्यांचंही हेच झालंय. टॉम मिचेल यांच्या टीमनं अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात जानेवारी २०१० मध्ये 'नेल' नावाचा प्रोग्राम सुरू केला, रात्रंदिवस वेब वाचणारा. त्यानं इंटरनेटच्या कुकीज, म्हणजे साइट आपल्या संगणकात ठेवतात त्या छोट्या नोंदी, बेकरीच्या खात्यात टाकल्या, आणि कुकीज डिलीट होतात तशा फाइल्सपण होतात म्हणून फाइल्ससुद्धा बेकरीत! पण त्यांची एक गोष्ट मी उचलली: एकटं 'शहर' शिकवायचं नाही, माणूस, रोग, खाणं असे बरेच प्रकार सोबत शिकवायचे आणि कुठले एकत्र चालत नाहीत, म्हणजे जे शहर ते रोग नाही, ते आधीच सांगायचं. शिवाय एका फेरीत मी वीसच्या वर नावं घेत नाही, आणि ती वीस शनिवारी सकाळी चहा घेत स्वतः वाचतो. पोरांना कंटाळा येतो याचा. येऊ दे.

एजन्सीची एकच बातमी चाळीस साइटवर छापून येते, तो पुरावा एकच धरा.

बऱ्याच जुन्या साइटवरचा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना सारखाच कळणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत, नसतो; आधी तो युनिकोडमध्ये बदलून घ्या.

माहितीला तारीख लावा. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, तारीख नसली तर प्रोग्राम एक तर दोन वेगळी शहरं धरतो नाहीतर जुन्या बातम्या खोट्या ठरवतो.

आणि रोज रात्री बॅकअप. पाप शहर झालं त्या दिवशी आमच्याकडे एकच होता, तोही पहिल्या आठवड्यातला.